रात्रीच्या धावण्यासाठी हातातली बॅटरी: लुमेन नको, शेवटचा तास बघ

प्रश्न असा आहे: "दादा, मी आर्वी तालुक्यात राहतो. पोलीस भरतीसाठी धावायला लागलो. भरती हुकली, पण धावणं सुटलं नाही. उन्हाळ्यात दिवसा जमत नाही म्हणून रात्री अडीचला निघतो, तीन तास पांदण रस्त्यांनी आणि टेकडीवरून धावतो. हेडलॅम्प नको वाटतो, किडे तोंडावर येतात आणि पट्टा घामानं घसरतो. हातात धरायची, हलकी आणि जास्त वेळ चालणारी टॉर्च कोणती घेऊ? बाजारात १०००, २०००, ८००० लुमेनच्या दिसतात. बजेट दोन हजार."

दादा म्हणालास म्हणून अरे-तुरेच लिहितो. माझं अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मोटार रिवाइंडिंगचं आणि इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं दुकान आहे. बारा वर्षं झाली, रात्री-पहाटे धावतो. त्यामुळे बॅटऱ्या मी दोन बाजूंनी पाहिल्या आहेत, हातात धरून आणि टेबलावर उघडून. (आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. मी तसंच लिहिणार.)

आधी त्या ८००० लुमेनचा (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) निकाल लावू. चांगला एलईडी, सर्किटमधला तोटा धरून, एका वॅटला साधारण १०० लुमेन देतो. म्हणजे ८००० लुमेनला ८० वॅट लागतील. घरातला जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो. पंख्यापेक्षा जास्त वीज बोटाएवढ्या सेलमधून ओढायची म्हटली तर तो सेल दहा मिनिटांत रिकामा होईल, आणि तोवर बॅटरी हातात धरवणार नाही. डब्यावरचा तो आकडा छापणाऱ्याच्या मनातला असतो. मीसुद्धा एकदा आठवडी बाजारातून अशी पुढचा गळा ओढून झूम होणारी बॅटरी आणली होती. पहिल्या रात्री अंगणातून समोरच्या टेकडीवरचं झाड दिसलं, तेव्हा घरचे सगळे खूश. तिसऱ्या रात्री पावणेदोन तासांनी, नाल्याच्या ऐन मधोमध, ती आधी पिवळी पडली, मग विझली. अमावास्या जवळ आलेली, फोन घरी. उरलेलं अंतर काठीनं चाचपत आलो आणि सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम म्हणून ती फोडून पाहिली. आतल्या सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलं होतं. वजन केलं तर ३१ ग्रॅम.

या वजनाकडे पुन्हा येतो. त्याआधी तुला खरंच किती उजेड हवा ते मोजू.

पांदणीवर रात्री तू किलोमीटरला ७ मिनिटांनी धावतोस असं धरू. सेकंदाला साधारण २.४ मीटर. समोर काही दिसलं, ते काय आहे ते कळलं आणि पाय थांबले, याला ३ सेकंद दे. ७-८ मीटर झाले. मनाची शांती म्हणून दुप्पट कर, १५ मीटर. तेवढ्या अंतरावर जमीन नीट दिसली की तुझं काम झालं. याच्या पलीकडे फेकलेला उजेड दुसऱ्याच्या शेतात जातो.

डब्यावर लुमेनच्या खाली कँडेला असा एक आकडा असतो. लुमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती जोरानं जातो. झोताचं अंतर मोजायची रीत अशी: कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. २५०० कँडेलाचं वर्गमूळ ५०, म्हणून डब्यावर १०० मीटर लिहितात. पण त्या १०० मीटरवर फक्त ०.२५ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पोचतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. त्या उजेडात कोणी धावत नाही. तेच २५०० कँडेला १५ मीटरवर ११ लक्स देतात, गावातल्या बऱ्या खांबाखाली असतो तेवढा. माझ्या अनुभवात रुंद झोताच्या बॅटरीचे १५० ते २०० लुमेन तुला पुरतात. उतारावर, दगडी वाटेवर दोन मिनिटांसाठी ४००-५०० हाताशी असावेत. रोजचं धावणं मात्र १५०-२०० मध्येच होतं, आणि बॅटरी निवडायची ती त्या पायरीसाठी.

आता डब्यावरच्या दुसऱ्या फसवणुकीकडे. हिला फसवणूक म्हणणं थोडं जास्त होईल, कारण ती नियमानंच चालते. मोठ्या कंपन्या अमेरिकेच्या एएनएसआय एफएल-१ या मानकानं मोजतात. त्यात बॅटरी लावल्यावर ३० सेकंदांनी पहिला आकडा घेतात आणि उजेड त्याच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सगळा वेळ 'चालण्याचा वेळ' म्हणून लिहितात. डब्यावर '१००० लुमेन, ३ तास' असेल तर तीन तासांच्या शेवटी तुझ्या हातात १०० लुमेन असू शकतात. बरेचदा होतं असं की १००० लुमेन जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतात, बॅटरी तापते, आतलं सर्किट उजेड ४०० वर आणतं, आणि तिथून पुढे तो उतरणीला लागतो. यात खोटं काहीच नाही. पण तिसरा तास म्हणजे तू सगळ्यात थकलेला, पाय नीट उचलत नाहीत, आणि नेमका तेव्हाच उजेड सगळ्यात कमी. ठेच तेव्हाच लागते. म्हणून मी पहिल्या मिनिटाचा आकडा वाचतच नाही, शेवटच्या तासाचा शोधतो.

तो सापडतो 'रनटाइम ग्राफ'मध्ये. बऱ्या कंपन्या माहितीपत्रकात छापतात, परीक्षण करणारे लोकही टाकतात. आडवी, सपाट रेघ शोधायची. सपाट म्हणजे आतलं सर्किट करंट धरून ठेवतं, सेल उतरला तरी उजेड तोच राहतो. पहिल्या क्षणापासून घसरगुंडी असेल तर सेल आणि एलईडी थेट जोडलेत, मध्ये राखणदार कोणी नाही. सपाट रेघेवाल्या बॅटरीचा एक तोटाही सांगून ठेवतो: सेल संपत आला की पूर्वसूचना फार थोडी मिळते. म्हणून सेलची पातळी दाखवणारा बारीक दिवा असलेली घे.

सेल कोणता? तुझ्या कामाला १८६५० नंबरचा. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल. लॅपटॉपमध्ये असायचे तेच. चांगला १८६५० साधारण ३५०० एमएएच भरतो. ३.६ व्होल्टनं गुणलं की १२.६ वॅट-तास. वॅटला १०० लुमेन धरले तर बाराशेच्या वर लुमेन-तास, म्हणजे २०० लुमेनवर सहा तास किंवा १५० वर आठ. तुला तीन तासांना ६०० लुमेन-तास लागतात. सेल अर्धा उरतो. दोन उन्हाळे खाऊन सेल म्हातारा झाला तरी तुझं भागतं. या अर्ध्या शिलकीलाच मी 'जास्त वेळ चालणारी' म्हणतो.

याहून मोठा २१७०० येतो, साधारण ५००० एमएएचचा, पण एकटा सेल ७० ग्रॅमचा. बॅटरीसकट १५० च्या पुढे जातं. हातातलं वजन चप्पल-बुटाच्या वजनासारखं असतं, तराजूवर काही वाटत नाही. पण धावताना मिनिटाला १७० पावलं पडली तर एक हात ८५ वेळा पुढे-मागे होतो. तीन तासांत पंधरा हजारांच्या वर झोके. ३०-४० ग्रॅम जास्त असले तर तिसऱ्या तासाला खांदा सांगतो. माझी मर्यादा सेलसकट १२५ ग्रॅम. १८६५० ची साधी नळी-बॅटरी ७०-७५ ग्रॅमची असते, सेल ४५ ते ५०, त्यात बसते. रात्रभराच्या शर्यतीला गेलास तर मोठा सेल हातात नाचवण्यापेक्षा दुसरा १८६५० पाठीवरच्या पिशवीत ठेव, प्लास्टिकच्या डबीत. सुटा सेल किल्ल्या किंवा चिल्लरीसोबत खिशात टाकायचा नाही, शॉर्ट होऊन मांडी भाजते. आणि सेल बदलायची सवय घरी डोळे मिटून करून घे. अंधारात उलटा-सुलटा घालत बसण्यात पाच मिनिटं जातात आणि झाकण हमखास चिखलात पडतं.

पेन्सिल सेलची बॅटरी का नाही, असं विचारशील, कारण तो गावच्या किराण्यातही मिळतो. चांगला रिचार्जेबल पेन्सिल सेल २००० एमएएच, पण १.२ व्होल्ट, म्हणजे २.४ वॅट-तास. १८६५० च्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ६०-७० लुमेन तीन तास, बस. मुख्य म्हणून अपुरी. पण दुसरी, खिशातली जोडबॅटरी म्हणून अशी ५०-६० ग्रॅमची मी कायम बाळगतो. त्या नाल्यातल्या रात्रीनंतर एकट्या बॅटरीवर कधीच निघालो नाही.

आता ते वजन. खरा १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या खाली सहसा भरत नाही. सोनाराच्या काट्यावर ठेवून बघ, तो हसेल, हसू दे. पस्तीसच्या आत भरला तर आत अर्धा माल आहे. वर ५०००, ६८००, ९९०० असे आकडे असतील तर वजनही करू नकोस, परत कर. सेलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघ. लिथियम सेलला आपल्याकडे ती नोंदणी सक्तीची आहे. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून वापरायची हौस पुष्कळांना असते, माझ्याकडे रोज एक जण येतो. मी मोजून, तपासून ते टेबलावरच्या कामाला वापरतो. धावताना हाताच्या मुठीत धरायला देत नाही. बॅटरीतच कायमचा बंद केलेला सेलही नको, दोन-तीन वर्षांनी तो मरतो आणि सोबत अख्खी बॅटरी कचऱ्यात जाते. आणखी एक बारकावा: संरक्षण सर्किट लावलेला सेल ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर लांब असतो. काही नळ्यांत तो मावत नाही आणि लोक झाकण जोर लावून फिरवतात. तसं करू नकोस, बॅटरीसोबत कंपनीनं दिलेला सेल घे किंवा आधी माप विचार.

आपल्या विदर्भाचा खरा शत्रू अंधारापेक्षा ऊन. लिथियम सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचा असतो. मे महिन्यात दुपारी टिनाच्या खोलीत तेवढं तापमान आपलं घर बसल्या बसल्या गाठतं. आणि लोक चार्जिंग लावतात ते नेमकं दुपारी, कारण तेव्हा घरी असतात, लाईट असते. धावून आलास की बॅटरी अर्धा तास थंड होऊ दे, मग सकाळीच चार्जिंगला लाव आणि भरली की काढ. मोटरसायकलच्या डिक्कीत उन्हात ठेवायची नाही. पूर्ण भरलेला सेल आणि उष्णता, ही जोडी त्याला सगळ्यात लवकर म्हातारा करते. पावसाळ्यात पाय मोडला, लग्नसराई आली, महिनाभर धावणं बंद, तर सेल निम्मा भरलेला ठेव, माजघरातल्या गार कोनाड्यात. फ्रिजमध्ये नाही, तिथून काढल्यावर त्याला घाम फुटतो.

चार्जिंगचं भोक टाइप-सी असलं तरी स्वस्त बॅटऱ्यांत एक गोम असते. दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरनं त्या चार्ज होत नाहीत, कारण आत दोन पैशांचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. जुन्या चपट्या टोकाच्या वायरनं होतात. "बॅटरी खराब आली" म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच याच कारणानं आलेल्या. त्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट हवं. आपल्या वाटेवरचा फुफाटा किती बारीक असतो ते तुला सांगायला नको.

आता माझ्या आवडीचा विषय, बॅटरी हातातच का. तू किड्यांचं कारण सांगितलंस, ते खरंच आहे. पहिल्या पावसानंतर पंखवाली उधई निघते त्या रात्री हेडलॅम्प लावून धावणारा माणूस तोंड मिटूनच धावतो. पण खरं कारण सावली. हेडलॅम्प डोळ्यांच्या दोन बोटं वर असतो. डोळा जिथून बघतो तिथूनच उजेड जातो, म्हणून दगडाची सावली दगडाच्या मागे लपते आणि जमीन सपाट कागदासारखी दिसते. बॅटरी कमरेजवळ धरली की उजेड तिरपा जातो, प्रत्येक ढेकळाला, बैलगाडीच्या चाकोरीला, उपटलेल्या पऱ्हाटीच्या खुंटाला काळी सावली पडते. काळ्या मातीत चाकोरी वाळली की तिच्या कडा विटेसारख्या होतात, त्यात घोटा मुरगळतो. कमरेवरच्या उजेडात ती चाकोरी दहा मीटरवरून काळी रेघ म्हणून दिसते. धुक्यात, धुळीत आणि थंडीतल्या स्वतःच्याच वाफेतही हाच फायदा, उजेड डोळ्यांसमोर पांढरा पडदा धरत नाही.

याच सावलीनं एकदा मोठा घात टळला. कपाशीच्या दिवसांत एका धुऱ्याजवळून जाताना पानांवर एक बारीक रेघ सरकताना दिसली. मी पुढे सरकलो की तीही सरकायची. थांबून बघितलं तर गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेली बारीक तार, रानडुकरांसाठी. ती झटका मशीनची होती की थेट लाईनवरून आकडा टाकलेली, हे मी हात लावून बघायला गेलो नाही, मागे वळलो. झटका मशीनचा झटका क्षणाचा असतो. थेट करंट सोडणं हा गुन्हा आहे आणि आपल्याकडे त्यानं माणसं मेली आहेत. म्हणून नियम एकच: पीक उभं असताना धुऱ्यावर, बांधावर पाय ठेवायचा नाही, वहिवाटीच्या पांदणीनंच जायचं, आणि नवी वाट आधी दिवसा चालून बघायची. याला कोणत्याही लुमेनचा पर्याय नाही.

पण कमरेवरच्या उजेडाचं एक वैगुण्य आहे. जनावराचे डोळे रात्री चमकतात ते आरशासारखे, उजेड आला तिकडेच तो परत फेकतात. बॅटरी कमरेजवळ असेल तर ती चमक तुझ्या कमरेकडे जाते, डोळ्यांकडे फार थोडी. म्हणून दर काही मिनिटांनी, आणि नाला, वळण, संत्र्याची बाग, उसाचा फड आला की नक्की, बॅटरी उचलून कानशिलाजवळ धरायची आणि डावीकडून उजवीकडे एक फेरी मारायची. गवतात हिऱ्यासारखे बारीक ठिपके दिसतील, ते कोळी. रस्त्यावर बसलेली गाय, रोही, कुत्रं, बिबट, सगळ्यांचे चमकतात. रंगावरून ओळखायच्या फंदात पडू नकोस, दोन डोळ्यांतलं अंतर आणि जमिनीपासूनची उंची बघ. कळलं नाही तर थांब, पळू नकोस, पाठ फिरवू नकोस, मोठ्यानं बोलत हळूहळू मागे ये. तुझ्या जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे आणि वाघ काही हद्दीची पाटी वाचून थांबत नाही. जंगलाला लागून असलेल्या वाटेवर रात्री धावायचंच नाही, तिथं पहाट झाल्यावर जा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा मोहाच्या झाडाखालून तर नाहीच, आमच्याकडे अस्वलं येतात.

साप हा जास्त रोजचा विषय. घोणस पाचोळ्याच्या रंगाची, आणि मण्यार रात्रीच फिरते. इथं बॅटरीचा रंग कामी येतो. बाजारातल्या बहुतेक बॅटऱ्या ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), निळसर पांढऱ्या. त्या जास्त उजळ वाटतात, पण त्यांत मुरूम, सुकं पान आणि घोणस सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. ४००० ते ५००० केल्व्हिनची, सीआरआय ९० च्या वरची घे. सीआरआय म्हणजे रंग उन्हात दिसतात त्याच्या किती जवळ दिसतात त्याचं माप, १०० पैकी. त्यासाठी थोडे लुमेन कमी मिळतात, ते सोडून दे. मी या दोन प्रकारच्या बॅटऱ्या घेऊन सागाच्या पाचोळ्यावर तपकिरी दोरखंड टाकून बघितला आहे. निळसर उजेडात तो मला पायाशी आल्यावर दिसला, कोमट उजेडात सात-आठ पावलं आधी. चावलाच तर १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. वाटेत मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, आवळून बांधणं नाही. मण्यारीचा चावा दुखतही नाही कधीकधी, म्हणून 'काही होत नाहीये' यावर विसंबायचं नाही.

झोत रुंद हवा. हात हलतो तसा झोत हलतो, आणि झोत टोकदार असेल तर तो उजेडाचा ठिपका वाटेवर नाचत राहतो, अर्ध्या तासात गरगरायला लागतं. रुंद झोतात हालचाल जाणवत नाही. गळा ओढून झूम होणाऱ्या बॅटऱ्या याच कारणानं बाद, शिवाय गळा पुढे-मागे करताना त्या हवा आत खेचतात आणि हवेबरोबर पाणी आणि धूळ. पाण्यासाठी आयपीएक्स-७ लिहिलेलं बघ, एक मीटर पाण्यात अर्धा तास. एवढं आपल्या पावसाला पुरतं. आट्यांवरच्या रबरी रिंगेला अधूनमधून सिलिकॉन ग्रीस लाव, खोबरेल तेल नको.

आणखी एक तपासणी जी दुकानातच होते: कमी उजेडाच्या पायरीवर बॅटरी लावून समोर बोटं भराभर हलव. बोटं तुटक-तुटक, जत्रेतल्या लुकलुकत्या दिव्यात दिसतात तशी दिसली तर ती बॅटरी उजेड कमी करायला भराभर चालू-बंद होते. धावताना स्वतःचे पायही तसेच तुटक दिसतात. फोनचा कॅमेरा धरला तर पडद्यावर पट्टेही दिसतील. ती ठेव परत.

मूठ आवळून बॅटरी धरू नकोस, मनगट आणि मान दोन्ही दुखतात. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचं तीन बोटं रुंद कडं कापून बॅटरीवर चढवलं आहे, त्यातून दोन बोटं जातात. घामानं निसटत नाही, पडलो तरी हातात राहते, आणि उन्हाळ्यात तापलेली धातूची नळी थेट तळव्याला लागत नाही. बॅटरीच्या हाताचं कोपर अंगाशी ठेव, दुसरा हात मोकळा झुलू दे, आणि दर वीस मिनिटांनी हात बदल.

नावं सांग म्हणशील. नळीच्या साध्या बॅटऱ्यांत कन्व्हॉयची एस-२ प्लस आणि वुर्कोसची एफसी-११, दोन्ही १८६५० वाल्या, दोन्ही साधारण तळहाताएवढ्या. दुसरीत टाइप-सी चार्जिंग आतच आहे, पहिलीला वेगळा चार्जर लागतो. एस-२ प्लसचे एलईडी वेगवेगळ्या रंगांत येतात, मागवताना ४००० किंवा ५००० केल्व्हिन हे शब्द बघूनच मागव. फिनिक्स, नाइटकोर चांगल्या, पण तुझ्या बजेटला ओढाताण होईल. पैसे वाटताना निम्मे बॅटरीला आणि निम्मे दोन खऱ्या सेलना आणि लागला तर चार्जरला ठेव. लोक उलटं करतात, चांगली बॅटरी आणि त्यात तीस ग्रॅमचा सेल.

एक गोष्ट बॅटरीची नाही तरी लिहितो. हंगामात शेतात जागलीला लोक असतात, आणि पाळीची लाईट रात्रीची असली की ओलितालाही. दोन वाजता लांबून एक उजेड पळत येताना दिसला की त्यांना चोर वाटतो, नाहीतर शिकारी, नाहीतर आणखी काही. पहिल्या वर्षी एका मचाणावरून आवाज आला, "कोन होय रे तो? काऊन पयून रायला?" मी म्हणालो, धावतोय, व्यायाम करतोय. वर थोडा वेळ शांतता. मग, "रातच्या तीन वाजता?" आणि गोफणीचा दगड माझ्या दोन हात पुढे पडला. तेव्हापासून मचाण दिसलं की बॅटरी खाली जमिनीकडे वळवतो, वेग कमी करतो आणि लांबूनच ओळख देतो. कोणाच्या तोंडावर झोत टाकायचा नाही. अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि त्या माणसाला तेवढ्या वेळात डुकरं दिसणार नाहीत. आता त्याच मचाणाखाली माझ्यासाठी पाण्याची बाटली टांगलेली असते.

बॅटरी आली की पहिल्या रात्री धावायला जाऊ नकोस. सेल पूर्ण भर, खोलीत अंधार कर, बॅटरी छताकडे तोंड करून टेबलावर उभी ठेव, शेजारी फोन ठेवून लक्स मोजायचं ॲप लाव. २०० च्या आसपासच्या पायरीवर लाव आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत लिही, चार तास. फोन हलवायचा नाही. खोलीत वारा नसतो म्हणून ती वाटेवरच्यापेक्षा जास्त तापेल, ते धरून चाल. चौथ्या तासाचा आकडा पहिल्या तासाच्या निम्म्याहून कमी आला तर परत करायची मुदत संपायच्या आत परत कर. नाहीतर वहीतलं ते पान मला पाठव, कोणत्या पायरीवर धावायचं ते आकडे बघून सांगतो.